तीन लिटर पाणी आणि आमची पाऊण लिटरची बाटली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मनःशांतीवर पानभर मजकूर होता. सात उपाय, प्रत्येकाशेजारी छोटं चित्र. पहाटे उठा, मोबाईल लांब ठेवा, भूतकाळ सोडून द्या वगैरे. चौथ्या नंबरला होतं, दिवसातून तीन लिटर पाणी प्या, भरपूर फळं खा, मन आपोआप प्रसन्न राहील.

आमच्याकडे पेपर आधी घरची वाचते, मग माझ्याकडे येतो. तिने तो चौथा उपाय मोठ्याने वाचून दाखवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि ठसका लागेपर्यंत हसली. म्हणाली, "घ्या, मनी शांती सवादोन लिटर कमी पडनी!"

ती का हसली ते सांगायलाच हे पत्र लिहितोय. लांबलं तर कातर चालवा, माझी हरकत नाही. मी स्वतः शिंपी आहे.

अमळनेरला माझं आठ बाय दहाचं दुकान आहे. वडील इथल्या कापड मिलमध्ये साच्यावर होते. मिल बंद पडली तेव्हा त्यांनी मला मशीनवर बसवलं, तो अजून तिथेच बसलोय. पोरगी शहाद्याला दिली, मुलगा सुरतेला उधन्यात कामाला आहे. घरात आम्ही दोघंच. मंडळींच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत आणि 2020 च्या जानेवारीपासून डायलिसिस चालू आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही जळगावला जातो. तिथे चार तास मशीन, मग परत. वर्षाला शंभरावर वाऱ्या होतात. मशीनचा खर्च महात्मा फुले योजनेतून निघतो. गाडीभाडं, वरची औषधं आणि दुकानाचे बुडालेले दोन दिवस आमचे.

तिला दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यात चहा आला, वरणाचं पाणी आलं, गोळीबरोबरचा घोटही आला. लघवी जवळपास होत नाही, म्हणजे प्यायलेलं अंगातच साठतं, पायावर सूज येते, मग छातीत. फळांचंही तेच. केळी, आंबा, डांगर म्हणजे खरबूज, शहाळं यांत पोटॅशियम जास्त. किडनी ते बाहेर टाकत नाही आणि वाढलं तर हृदय थांबू शकतं. आमचा जिल्हा केळीचा, आणि आमच्या घरात केळी आणायची नाही! भेटायला येणारी माणसं मात्र हमखास शहाळं घेऊन येतात. ते शेजारच्या पोरांना जातं. त्यामुळे आमच्या गल्लीत आजारपणाचा फायदा कोणाला झाला असेल तर त्या पोरांना.

आता तो तिसरा उपाय, भूतकाळ सोडून द्या. हा मला लागला.

तिचे गुडघे दुखायचे. शेजारच्या मेडिकलवरून दुखायच्या गोळ्या मीच आणून द्यायचो, चिठ्ठीशिवाय, सात-आठ वर्षं. बीपीची गोळी मात्र बरं वाटलं की बंद व्हायची. जळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, दुखायच्या गोळ्या किती दिवस घेतल्या? मी खाली बघत राहिलो. त्यांनी समजावलं की मुळात बीपीने किडनी खराब होत होती, त्यात या गोळ्यांनी भर घातली. दोष कोणाचा ते त्यांनी सांगितलं नाही. मला सांगायची गरजही नव्हती.

सहा महिने मी नीट झोपलो नाही. काजं उलटी पडायची. एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय डावेच बसवले, असं तीस वर्षांत कधी झालं नव्हतं. शेवटी एका रात्री तिला म्हटलं, हे मीच केलं. ती कूस न बदलता म्हणाली, "गोया आन्यात तुम्ही, पन खाद्यात कोनी? मीच ना? झोपा आते."

एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही. नुसती वाटणी करून टाकली, अर्धं तुमचं, अर्धं माझं. भूतकाळ सुटला नाही, पण तो दोघांच्या नावावर झाला. तेवढ्यावर मला झोप लागायला लागली.

सुरुवातीला मानेत नळी टाकून डायलिसिस करायचे. फेब्रुवारीत डाव्या हाताला फिस्टुला केला. म्हणजे मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. शीर फुगून जाड व्हायला महिना-दोन महिने लागतात, मग त्यातच सुया टोचतात. ती लवकर भरावी म्हणून हाताने रबरी चेंडू दाबायचा असतो. मी दुकानातल्या चिंध्या गच्च भरून चेंडू शिवून दिला, वरून लाल सॅटिनचं कापड. गोधडीच्या टाक्याने शिवलेला तो चेंडू अजून आहे.

तेवढ्यात मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, गाड्याच बंद झाल्या. डायलिसिस चुकवून चालत नाही. पोलीस ठाण्यातून पास काढला आणि जळगावला भाजीपाला नेणारी एक पिकअप मिळाली. पहाटे साडेतीनला निघायची. ती पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे मेथीच्या जुड्यांवर आडवा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. वर चांदण्यांनी भरलेलं आभाळ, खाली ओली मेथी, अंगाला कोथिंबिरीचा वास. धरणगाव गेलं, पाळधी गेली, आणि मला एकदम फार बरं वाटलं. लगेच स्वतःची लाजही वाटली. बायको आजारी, खिशात पैसे नाहीत, जगात रोगराई, आणि मी आभाळ बघून खुश! बरेच दिवस मी हे कोणाला सांगितलं नव्हतं.

पण त्याच वर्षीच्या मे महिन्यातलंही सांगितलं पाहिजे, नाहीतर आम्ही साधुसंत आहोत असं वाटायचं.

खानदेशातला मे तुम्हाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे, पत्रा तापलेला, कूलर गरम वारा फेकतोय. तेव्हा बाटली मी भरायचो. स्टीलची, पाऊण लिटरची, सकाळी भरून तिच्या उशाशी. दर तासाला किती उरलं ते मीच बघायचो. एके दिवशी दुपारी चारलाच ती संपली. तिने एक घोट मागितला. मी नाही म्हटलं. तिने परत मागितला. मी डॉक्टरांचं बोलणं ऐकवलं, आवाज चढवून. ती उठली, माठावरचा ओघराळा घेतला आणि माझ्याकडे बघत बघत घटाघटा दोन ओघराळे प्यायली. मी ती बाटली भिंतीवर फेकली. बाटलीला पोचा आला, तो आजही दिसतो. पुढच्या वारीला तिचं वजन साडेचार किलो वाढलेलं निघालं. मशीनवर पायात गोळे आले, ती ओरडली. बाहेर बाकावर मला ते ऐकू येत होतं.

घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचलेली बाटली तिने स्वतः घासली, स्वतः भरली आणि सांगितलं की यापुढे या बाटलीला मी हात लावायचा नाही. शिवाय आणखी एक. मी रोज स्वयंपाकघरात जाऊन, तिला दिसणार नाही असं पाणी प्यायचो. ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणाली, "मना समोर प्या. चोरीचोरी काय पेतस?"

आमच्या घरात काही शांत झालं असेल तर ते त्या सकाळी. मी पहारेकरी होतो, त्या कामावरून तिने मला काढून टाकलं. तहान तिची, मापही तिचंच. तिने स्वतःच्या युक्त्या काढल्या. दुपारी लिंबाची फोड चोखायची, बर्फाचा खडा तोंडात धरायचा आणि त्याचं पाणी हिशेबात धरायचं, बाटलीचं झाकण मापाला वापरायचं. गोळ्या सकाळ-संध्याकाळ चहाबरोबरच घ्यायच्या म्हणजे वेगळा घोट लागत नाही. शेवभाजी आणि बिबडे सोडले, कारण मीठ खाल्लं की तहान लागते. ठेच्याला मात्र ती अजून रडते.

आणि गंमत बघा. डायलिसिसचं मशीन एका वेळी शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध केलेलं पाणी पितं. तिथल्या मुलानेच मला मिनिटाला अर्धा लिटर असा हिशेब करून दाखवला. मी हे तिला सांगितलं तर ती मशीनकडे बघून म्हणाली, हा तर जावयापेक्षा जास्त पितो. जावईबापू हे वाचतील, त्यांनी गैरसमज करून घेऊ नये, पाण्याबद्दलच चाललंय.

आता माझ्या धंद्याचं थोडं. आजारपणात तिचं वजन अकरा किलो उतरलं. सगळे ब्लाउज ढगळ झाले. मी ते आत घेतले, पण कापड कापलं नाही. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. उद्या अंग भरलं तर उसवून मोठं करता येतं. सगळ्या ब्लाउजना दोन्ही बाजूंनी बोट-बोट माया ठेवली. तिने एक उलटा करून बघितला, काही बोलली नाही.

बाहीचा प्रश्न वेगळाच होता. सुया डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत टोचतात. थंडीत लांब बाहीचं काही घातलं की ती वर गुंडाळायची, ती शिरेवर आवळायची, आणि त्या हाताला काहीही आवळायचं नसतं. त्या हातावर बीपी मोजायचं नाही, रक्त काढायचं नाही, बादली उचलायची नाही, त्या कुशीवर झोपायचंही नाही. तिथे एसी असतो, चार तासांत माणूस काकडतो. मी तिच्या स्वेटरची डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उसवली आणि कडेला पट्टी लावून टिचबटणं बसवली. सुया टोचायच्या तेवढी तीन बटणं उघडायची, बाकी हात झाकलेला.

शेजारच्या कॉटवर यावल तालुक्यातले एक आबा असतात. चाळीस वर्षं केळी पिकवली. आता कापणीच्या दिवशी मळ्यात जाऊन एक फणी हातात घेतात, हुंगतात आणि गाडीत ठेवून देतात. त्यांनी ती बाही बघितली आणि म्हणाले, मलाही एक सदरा असा करून दे. मग त्यांच्या पलीकडच्या मुलीने कुर्ता दिला. तिचं वय अवघं तेवीस. आतापर्यंत चाळीसेक बाह्या झाल्या असतील. घड्याळाचे चार तास जे मी बाहेरच्या बाकावर नुसता बसून काढायचो, ते आता हातशिलाईत जातात. पिशवीत सुई, दोरा, खडू, टिचबटणं. बटणांचे पैसे घेतो, शिलाई घेत नाही. यात उपकार नाही. त्या चार तासांत माझे हात रिकामे राहिले असते तर मी वेडा झालो असतो.

2024 च्या फेब्रुवारीत आमच्या गावात अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, सत्त्याण्णवं. मी सहा जाकिटं शिवली होती. 2 तारखेला सुरू झालं तो नेमका शुक्रवार! महाराष्ट्रभरची माणसं अमळनेरला उतरत होती आणि आम्ही दोघं स्टेशनवर उलट्या बाजूला उभे. मंगळवारीही तसंच होतं, मंगळ ग्रह मंदिराला येणारी गर्दी उतरते आणि आम्ही चढतो. आमच्या गावात 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे. जीवनाचा अर्थ शोधायला विद्वान लांबून आमच्या गावी यायचे. मी त्या रस्त्याने इस्त्रीचे कपडे पोचवायला सायकलवर जायचो, आत कधी गेलो नाही. आत काय सापडलं असतं ते सांगता येणार नाही.

वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरीच्या पात्रात. दरवर्षी ती तिथे बांगड्या भरते. फिस्टुला झाल्यावर डाव्या हाताला बांगडी नाही, आवळते आणि लागते. यात्रा पुन्हा भरली त्या वर्षी कासारणीला म्हणाली, सहाच द्या, एका हाताच्या. कासारीण म्हातारी, जुन्या वळणाची. म्हणाली, सवाशिणीचा एक हात मोकळा ठेवून मी पाठवत नाही, असलं पाप माझ्या हातून नको. मला वाटलं आता ही रडणार, कारण घरी तो मोकळा हात ती पदराखाली ठेवायची. तिने पदर बाजूला केला, मनगट पुढे केलं आणि म्हणाली, जरा कान लावा.

फिस्टुल्याला कान लावला की आवाज येतो. रक्त जोरात वाहतं त्याचा, सूं सूं असा, थांबत नाही. कासारणीने कान लावला. बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग म्हणाली, "बाई, यात तर गिरणी चालू आहे!"

घरचीने लगेच उत्तर दिलं, "हां. गावनी मील बंद पडनी, मना हातमा चालू शे."

आजूबाजूच्या बायका हसल्या, कासारीणही. सहा बांगड्या भरल्या, हिरव्या. पैसे मात्र पूर्ण घेतले. मला ते आवडलं.

रोज रात्री झोपण्याआधी तिथे बोट ठेवून बघायचं असतं. मांजर पोटाशी घेतल्यावर जशी घरघर लागते तशी ती बोटाला लागते. ती थांबली तर आत गाठ झाली असं समजायचं आणि सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. एका रात्री दोन वाजता मला लागेना. माझी बोटं सुईने टोचून टोचून जाड झालेली, अंगठ्याला काही कळत नाही. घाम फुटला. मग करंगळीने बघितलं, होती. तेव्हापासून करंगळीनेच बघतो. ती अर्धवट झोपेत विचारते, "चालू शे का?" मी म्हणतो, "शे." या दोन शब्दांपलीकडे आमच्या घरात ध्यानधारणा होत नाही.

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं राहिलं. 2024 ला आखाजी 10 मेला, शुक्रवारीच आली. पोरगी माहेरी आलेली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, काठोकाठ पाणी, वर डांगर, सांजोरी. घरची पहाटे उठून भरते, माझ्या आई-वडिलांच्या नावाने. पितरांना घागर आणि तिला बाटली, हे माझ्या दरवर्षी मनात येतं आणि मी बोलत नाही. त्या दिवशी पोरीने पुरणपोळी आणि रस केला. आईला चालत नाही म्हणून तीही रस खाईना. तिने पोरीला रागावून बसवलं, वाढलं, आणि समोर बसून बघितलं. मग एका लहान डब्यात थोडा रस भरून घेतला. म्हणाली, डॉक्टरला विचारते, नाही म्हटला तर तुम्ही खा.

तिथे पोचल्यावर विचारलं. डॉक्टरांनी आधीचा रिपोर्ट बघितला. म्हणाले, मशीन सुरू झाल्यावर दोन चमचे, जास्त नाही, आणि घरी अजिबात नाही. सुया लागल्या, मशीन सुरू झालं. उजव्या हातात चमचा, डावा हात ताणून ठेवलेला. पहिला चमचा तिने तोंडात किती वेळ धरला सांगू? आबा शेजारून विचारत होते, हापूस का गावरान? ती उत्तर देईना, तोंड उघडलं तर संपेल म्हणून. पाच वर्षांनी आंबा. मी त्या दिवशी तिचं तोंड बघितलं आणि पुरवणीतलं ते हसऱ्या बाईचं चित्र मला फार फिकं वाटलं.

संपादकसाहेब, माझ्या दोन विनंत्या आहेत. "भरपूर पाणी, भरपूर फळं" असं जिथे छापाल तिथे किडनीच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून, एवढी एक ओळ टाकत जा. लोक तुमचा पेपर कापून खिशात ठेवतात. दुसरी, चिठ्ठीशिवाय दुखायच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांसाठी कधीतरी पानभर लिहा, डॉक्टरांकडून लिहून घ्या. चित्र नसलं तरी चालेल. सकारात्मक विचार करा म्हणून सांगायला आमच्या घरी पुष्कळ जण येऊन गेले. हे मागच्या जन्माचं आहे असं सांगणारेही येऊन गेले, आणि ते शहाळं आणायलाही विसरले नाहीत.

जागा उरली तर बाहीचं छापा. डायलिसिसवाल्या कोणाला हवी असेल तर गावातल्या कोणत्याही शिंप्याकडून होईल. बाही खांद्यापासून मनगटापर्यंत वरच्या बाजूने उसवावी, काखेच्या बाजूने नाही. दोन्ही कडांना दीड इंची पट्टी, वरची पट्टी खालच्यावर चढेल अशी. टिचबटणं दोन-दोन इंचांवर, पितळी घ्यावीत, साधी गंजतात. मनगटाला इलास्टिक अजिबात नको. मला अडचण विचारायची असेल तर कोणीही दुकानावर यावं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुकान बंद असतं.

आपला,
एक शिंपी, अमळनेर, जि. जळगाव
(कृपया नाव छापू नये. घरचीने सांगितलंय.)